जुन्या जगात आपलं वऱ्हाड

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. बोलताना फळ्यावर आणि भिंतीवर नकाशे लावले होते. वाचणाऱ्यांसाठी त्यांचं वर्णन मजकुरात घातलं आहे.)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि जेवण नुकतंच झालंय. तेव्हा ज्यांना डुलकी लागेल त्यांनी खुशाल घ्यावी. भूगोलाच्या तासाला आपण ती घेतच होतो.

सकाळपासून मला तीन प्रश्न विचारून झाले. पहिला, हे नकाशे केवढ्याला पडले? दुसरा, हे खरे आहेत का? आणि तिसरा आपल्याच बाकावरच्या एका मित्राचा. तो म्हणाला, "लेका, चौतीस वर्षं मोजणी खात्यात लोकांच्या बांधांचे नकाशे काढले, आता तरी सोड की नकाशाचा नाद!" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पुढे देतो. तिसऱ्याचं उत्तर म्हणजेच आजचं भाषण.

माझ्याकडे जगाचे आणि आशियाचे मिळून एकशे चाळीस नकाशे आहेत. त्यातले अस्सल, म्हणजे त्या-त्या काळी छापलेले, त्रेसष्ट. बहुतेक १८०० नंतरचे, काही थोडे त्याआधीचे. बाकीच्या छायाप्रती आहेत, कारण त्यांचे मूळ कागद मोठमोठ्या ग्रंथालयांत आहेत आणि भूमापकाच्या पगारात तिथवर हात पोचत नाही. १५०७ सालचा वाल्डझीम्युलरचा नकाशा, ज्यावर 'अमेरिका' हे नाव पहिल्यांदा आलं, तो अमेरिकेच्या काँग्रेसच्या ग्रंथालयाने एक कोटी डॉलरला घेतला. मी आपला मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार आणि हैदराबादला आबिद्सच्या रस्त्यावरचा रविवारचा पुस्तकबाजार, एवढ्या त्रिकोणात फिरलो.

कुठलाही नकाशा हातात आला की मी आधी आपलं वऱ्हाड शोधतो. युरोप, अमेरिका नंतर. मोजणीवाल्याची सवय आहे ही. गावात गेलं की आधी कायमची खूण शोधायची, मग साखळी टाकायची.

फळ्यावरचा हा पहिला नकाशा टॉलेमीचा. हा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात होऊन गेला, पण त्याचं पुस्तक नकाशांसह छापलं गेलं ते पंधराव्या शतकात, १४७७ला इटलीत आणि १४८२ला जर्मनीतल्या उल्म गावी. यात हिंदुस्थान बघा. खालचं टोकच नाही! आपला सगळा दख्खन कुणीतरी तळहाताने दाबून सपाट केल्यासारखा आहे, आणि शेजारी श्रीलंका, तिचं नाव ताप्रोबेन, ती मात्र हिंदुस्थानाएवढी फुगलेली. टॉलेमी इथे कधी आला नव्हता. खलाशी आणि व्यापारी सांगतील तेवढे दिवस, तेवढी दिशा, त्यावरून त्याने मांडणी केली. खलाशी किनाऱ्याबद्दल बोलतो, आतल्या मुलखाबद्दल नाही. तरीही त्याच्या यादीत 'बैठना' आहे. ते आपलं पैठण. 'ओझेने' आहे, ते उज्जैन. देऊळगाव राजाच्या पलीकडे अर्ध्या दिवसाच्या वाटेवरचं पैठण अलेक्झांड्रियातल्या माणसाला ठाऊक होतं, कारण तिथला माल भडोचच्या बंदरात जात होता. जिथून माल निघतो ते गाव नकाशावर येतं. हे मी पुढे फार वेळा पाहिलं.

पुढचा नकाशा ऑर्टेलियसचा, १५७०, अँटवर्प. आपण ज्याला ॲटलास म्हणतो तशा पुस्तकाची सुरुवात इथून धरतात. हिंदुस्थानाला आता टोक आलंय, कारण पोर्तुगीज येऊन गेले होते. किनाऱ्यावर नावांची मुंग्यांसारखी रांग आणि आत बराचसा अंदाज. खाली दक्षिणेला एक प्रचंड खंड आहे, त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की हा दक्षिणेचा भूभाग अजून अज्ञात. अज्ञात आहे, पण किनारा मात्र व्यवस्थित वळणावळणाचा काढलाय! आमच्या खात्यात एखाद्याने न पाहिलेल्या बांधाचं असं टिप्पण काढलं असतं तर त्याची वेतनवाढ थांबली असती.

आता हा माझा सगळ्यात आवडता. छायाप्रत आहे, पण मन लावून बघा. १६१९, लंडन. मुघल बादशाहीचा नकाशा. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो जहांगीराच्या दरबारी आला होता. त्याने दिलेल्या माहितीवरून विल्यम बॅफिनने हा काढला. हा तोच बॅफिन, ज्याचं नाव उत्तर ध्रुवाकडच्या बॅफिन उपसागराला आहे. रो १६१५ला सुरतेत उतरला आणि अजमेरला जाताना आधी बऱ्हाणपूरला आला. आपल्या जळगाव जामोदहून डोंगरापलीकडचं बऱ्हाणपूर. म्हणजे इंग्लंडचा राजदूत आपल्या जिल्ह्याच्या एवढ्या जवळून गेला, आणि जे ऐकलं ते घेऊन गेला. नकाशात 'बेरार' आहे. रोबरोबर टेरी नावाचा पाद्री होता, त्याने बादशाहीच्या सुभ्यांची यादी लिहून ठेवली. तीत बेरारचं मुख्य शहर 'शाहपोर' म्हणून दिलंय. हे शहापूर म्हणजे अकबराचा मुलगा मुराद याने बाळापूरजवळ वसवलेलं ठाणं. खामगावहून अकोल्याला जाताना आपण बाळापुरात चहाला थांबतो ना, तिथलंच. आज त्या शहापुराचं नाव घेतलं तर एसटीचा कंडक्टरसुद्धा गोंधळेल. लंडनमध्ये मात्र ते वऱ्हाडाची राजधानी म्हणून पोचलं होतं.

याच नकाशात आणखी एक गंमत आहे. आग्र्याहून लाहोरला जाणारा रस्ता दोन्ही बाजूंच्या झाडांसकट काढलाय. आणि गंगा उगम पावते तिथे चक्क गाईचं तोंड काढलंय. कुणीतरी सांगितलं असेल, गंगा गोमुखातून येते. तिकडच्या माणसाने शब्द तसाच्या तसा घेतला. हसू नका, आपणही परीक्षेत असंच लिहीत होतो.

आता एक गोष्ट या नकाशात नाही, आणि तिच्यासाठी मी इतका वेळ घेतोय. रो येण्याच्या वीसएक वर्षं आधी अबुल फझलने 'आईन-ए-अकबरी' लिहिलं. त्यात वऱ्हाड सुभ्याचे सरकार आणि परगणे, त्यांचा महसूल, सगळं आहे. आपलं मेहकर तिथे एका सरकारचं मुख्य ठिकाण आहे. लोणार आहे. लोणारच्या खाऱ्या पाण्यातून काच आणि साबणासाठी लागणारा क्षार मिळतो, हेसुद्धा आहे. बादशाहीच्या दप्तरात आपल्या मातीची एवढी बारीक नोंद होती आणि त्याच बादशाहीच्या नकाशावर मात्र तिचा पत्ता नाही. लिहिलेलं होतं, रेखाटलेलं नव्हतं. म्हणून मला वाटतं की जुन्या नकाशात आपलं गाव दिसलं नाही म्हणजे तेव्हा गाव नव्हतं असं कुणी समजू नये. नकाशा काढणाऱ्याने कुणाला विचारलं, एवढंच त्यातून कळतं. त्याने राजदूताला विचारलं, मेहकरच्या कारकुनाला नाही.

त्यानंतरची दीडशे वर्षं मी भरभर ओलांडतो. डच लोकांनी बॅफिनचाच नकाशा रंगवून, सजवून पुन्हापुन्हा छापला. दिसायला फार देखणे, पण आपल्या भागाची माहिती फारशी पुढे सरकत नाही.

मग येतो जेम्स रेनेल. हा आमच्या धंद्यातला माणूस, साखळी ओढणारा. १७६७ साली बंगालचा सर्व्हेयर जनरल झाला. त्याआधी सर्वेक्षण करताना संन्याशांच्या टोळीशी गाठ पडून तलवारीचे घाव खाल्लेला. त्याचा हिंदुस्थानचा नकाशा १७८२चा. कोपऱ्यातल्या चित्रात ब्रिटानिया उभी आहे आणि पंडित तिच्या हाती पोथ्या देतायत. कुणी कुणाला काय दिलं यावर मी बोलत नाही, इतिहासाच्या बाई समोर आहेत.

रेनेल इकडे आला नव्हता. फौजा ज्या वाटेने गेल्या, त्या वाटांच्या रोजनिशा त्याने जोडल्या. १७७९च्या सुरुवातीला जनरल गॉडार्डची फौज बंगालच्या बाजूने निघून बऱ्हाणपूरवरून सुरतेला गेली, ती वाट त्याच्या कामी आली. पुन्हा बऱ्हाणपूर! पण नागपूरच्या पूर्वेला, ओरिसाच्या आणि उत्तर सरकारच्या मधल्या मोठ्या मुलखाची माहिती त्याला मिळाली नाही. तेव्हा त्याने काय केलं? कोरा सोडला. आणि नकाशाबरोबरच्या पुस्तकात तसं लिहूनही टाकलं. मित्रहो, मी नोकरीत असताना रेनेलचा हा कोरा भाग पाहिला आणि मला त्या माणसाबद्दल इतका आदर वाटला की काही विचारू नका. शेतकरी उन्हात उभा असतो, पाटील घाई करत असतो, आणि आपल्याला 'हे मोजलं नाही' असं लिहायचं असतं. ते सोपं नसतं.

आणि आता त्याच माणसाची दुसरी बाजू. १७९८ला रेनेलने पश्चिम आफ्रिकेचा नकाशा केला, मुंगो पार्क या प्रवाशाच्या पुस्तकासाठी. त्यात त्याने 'काँग पर्वत' म्हणून एक लांबलचक पर्वतरांग काढली. असा पर्वत नाहीच! पण रेनेलचं नाव मोठं, म्हणून पुढच्या सगळ्यांनी तो उतरवला, वाढवला, काहींनी पार आडवा आफ्रिकाभर नेला. १८८८-८९ला बिंजे नावाचा फ्रेंच अधिकारी तिथे जाऊन आला आणि म्हणाला, इथे पर्वत नाही. जवळजवळ नव्वद वर्षं शाळेतल्या मुलांनी तो पाठ केला. माझ्याकडच्या अस्सल नकाशांत तो अकरा ठिकाणी आहे. भिंतीवर डावीकडे लावलेत, टाचणीवर लाल कागद आहे. बंगालमध्ये जो माणूस स्वतः साखळी ओढत होता, त्याने आफ्रिकेत दुसऱ्याच्या ऐकिवावर पर्वत उभा केला. मला कुणी विचारलं की हजारभर रुपयांत संग्रहाची सुरुवात कशी करू, तर मी म्हणतो, सोन्याचांदीचा दिसणारा डच नकाशा विसर, काँग पर्वत असलेलं एखादं फाटकं शालेय पान घे.

आता 'खरे आहेत का' या प्रश्नाकडे येतो. गेल्या वर्षी एका परिचितांनी फ्रेम केलेला सतराव्या शतकाचा म्हणून एक नकाशा मला दाखवला. चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला कागद होता. ओळखायचं कसं? जवळ एक भिंग ठेवा, दहा पट मोठं दाखवणारं. भिंगाखाली रेषा ठिपक्यांची दिसली तर ती आजची ऑफसेट छपाई. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली रेषा सलग असते. पत्रा कागदावर दाबला जातो, म्हणून नकाशाभोवती चौकोनी खळगा उमटतो. बोट फिरवलं की कळतो. कागद उजेडात धरा. १७५०च्या आधीचा युरोपी कागद असेल तर त्यात जाळीच्या उभ्या-आडव्या रेषा दिसतात, कधी वॉटरमार्क दिसतो. ॲटलासातलं पान असेल तर मधोमध घडी असते, आणि पाठीमागे बऱ्याचदा लॅटिन, डच किंवा फ्रेंच मजकूर. हिरवा रंग तर नामी साक्षीदार. तो तांब्याच्या गंजापासून करत, शंभर-दोनशे वर्षांत तो कागद खातो आणि पाठीमागे तपकिरी होऊन उतरतो. पाठ कोरी करकरीत आणि पुढे हिरवा रंग गडद, तर रंग अलीकडे भरलाय असं समजा. रंग नवा असला म्हणून नकाशा खोटा ठरत नाही, पण किंमत त्याप्रमाणे द्यावी.

एक गोष्ट मला खुपते, ती सांगतो. जुना ॲटलास अख्खा विकला तर एक गिऱ्हाईक, पानं सुटी करून विकली तर पन्नास. म्हणून चांगले बांधलेले ॲटलास फाडले जातात. शिवणीच्या कडेला ताजी कापल्याची खूण दिसली की मी ते पान घेत नाही. आणि परदेशातून आलेल्या मित्रांसाठी: १९७२च्या पुरातन वस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. तेव्हा सकाळी ज्याने ह्यूस्टनच्या दिवाणखान्यासाठी एक मागितला, त्याला मी छायाप्रत देईन. फ्रेम त्याची.

मोजणीवाला म्हणून एक हिशेब दाखवल्याशिवाय मला राहवत नाही. आपलं बुलडाणा ग्रीनिचच्या पूर्वेला साधारण ७६ अंश ११ मिनिटांवर. पण ग्रीनिच शून्य म्हणून ठरलं ते १८८४च्या वॉशिंग्टन परिषदेत. त्याआधीचे पुष्कळ नकाशे कॅनरी बेटांतल्या फेरोपासून मोजत. तिथून धरलं तर १७ अंश ४० मिनिटं मिळवायची, म्हणजे आपण ९३ अंश ५१ मिनिटांवर जाऊन बसतो. पॅरिसची रेषा वेगळी. बुलडाणा जागचं हललं नाही, शून्य हललं. आणि आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत शून्याची रेषा कुठून जाते? लंकेवरून, उज्जैनवरून, कुरुक्षेत्राकडून मेरूकडे. आता उज्जैनची रेषा सरळ खाली ओढा. ती अजिंठा आणि बुलडाणा यांच्या मधून जाते, आपल्यापासून चाळीसेक किलोमीटरवर. लंडनच्या कागदावर आपण दूर पूर्वेला, आणि सूर्यसिद्धांताच्या हिशेबाने जवळपास शून्यावर! हे मला पन्नाशी उलटल्यावर समजलं आणि त्या दिवशी मी ऑफिसात सगळ्यांना पेढे दिले. कुणाला काही कळलं नाही, पेढे मात्र संपले.

एकोणिसाव्या शतकात आपण नकाशावर येतो ते कापसामुळे. माझ्याकडे १८७०नंतरच्या एका इंग्रजी ॲटलासातलं हिंदुस्थानचं पान आहे. मुंबई-नागपूर लोहमार्गाची काळी रेघ जलंबला फुटते आणि छोटीशी फांदी खामगावात थांबते. ती फांदी १८७०ची, कापसाच्या गाठींसाठी टाकलेली. त्या पानावर खामगाव ठळक अक्षरात, मेहकर बारीक अक्षरात, लोणार नाही. अबुल फझलने तीनशे वर्षं आधी जे लोणार नोंदवलं होतं, ते नाही. ते सरोवर अशनी आदळून झालंय हे सिद्ध झालं तेव्हा आपण प्राथमिक शाळेत होतो, आणि सहलीला गेलो तेव्हा आपल्याला ते ज्वालामुखीचंच सांगितलं होतं.

आता शेवटचा, टेबलावर पसरलेला मोठा कापडी नकाशा. ओळखला का कुणी? वरच्या काठीला अजून तोच खिळा आहे. दोन वर्षांपूर्वी मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी साहित्याची खोली पाहिली. तिथे हा गुंडाळलेला होता, खालचा कोपरा उंदरांनी खाल्लेला. मी घरी नेला, मागून जुनं सुती धोतर लावलं, गव्हाच्या खळीने चिकटवला. खळीत थोडा मोरचूद घातला, कसर लागू नये म्हणून. छापल्याचं साल त्यावर नाही. पण साल काढता येतं. घाना हे नाव आहे, म्हणजे १९५७च्या नंतरचा. बेल्जियन काँगो अजून आहे, म्हणजे १९६०च्या आधीचा. गोवा वेगळ्या रंगात, सिलोन आहे, पूर्व पाकिस्तान आहे. आपण मात्र त्यावर शिकलो १९७५ ते ७८. म्हणजे आपण सगळ्यांनी जग शिकलो ते वीस वर्षं शिळं!

पण पूर्व पाकिस्तानावर बघा. वहीच्या कागदाची एक चिठ्ठी डकवली आहे, निळ्या शाईत 'बांगलादेश'. सर, तुमचं अक्षर आहे. सिलोनवरही आहे. काँगोवर चिठ्ठी सुटून पडल्याचा डाग आहे. नवा नकाशा मिळेपर्यंत थांबायचं नाही, जे बदललं ते डकवायचं, हे सरांनी आम्हाला कधी बोलून सांगितलं नाही. दुरुस्ती करताना मी चिठ्ठीला पाण्याचा हात लागू दिला नाही.

आता काम. मी साठी ओलांडली आहे. मुलगा म्हणतो, सगळे स्कॅन करा आणि विकून टाका. त्याचंही चूक नाही, त्याच्या घरात जागा नाही. मुंबईचे एक व्यापारी चांगले सात-आठ निवडून घ्यायला तयार आहेत, बाकीचे नकोत. संग्रह फोडायचा नसेल तर तो आपल्या शाळेला द्यावा असं माझ्या मनात आहे. पण मनातलं सांगतो, मला धाकधूक आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे जातो, पावसाळ्यात भिंती ओल धरतात, वाळवी बाराही महिने. कपाट कुलूपबंद राहिलं तर पाच वर्षांत भुसा होईल, आणि उघडं राहिलं तर पन्नास हातांत फाटेल. स्वस्तातले पन्नासएक नकाशे मुलांनी हाताळावेत, भिंगाने बघावेत, फाटले तर फाटू देत. उरलेले उत्तरेच्या खोलीत, जिथे ऊन येत नाही, आडव्या कप्प्यांच्या लोखंडी कपाटात.

कपाटाचे पैसे मी देतो. मला गावात राहणारी दोन माणसं हवी आहेत, जी दर दोन महिन्यांनी ते कपाट उघडतील, कडुलिंबाचा पाला बदलतील आणि वहीत तारीख लिहून सही करतील. आणि ज्यांच्या घरी आजोबांच्या पेटीत गावाचे जुने नकाशे, मोजणीची टिप्पणं, मोडीतले कागद असतील, त्यांनी ते फेकण्याआधी मला एक फोन करावा. मोडी मला वाचता येते.

वही टेबलाच्या उजव्या हाताला ठेवली आहे. चार वाजता चहा आहे, त्याआधी नावं लिहा. जिलबीचे हात धुऊन या.